ग्राइंडर चालू करण्याआधी डोळ्यावर काय? कोकणात घरची कामं स्वतः करणाऱ्या नवख्यांसाठी

हे कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. मुंबई-पुण्याहून गावच्या घरी येऊन राहिलेले, किंवा गावातच असलेले पण मिस्त्री वेळेवर येत नाही म्हणून यंदा स्वतःच ग्राइंडर, ड्रिल, ग्रास कटर घेतलेले, अशांसाठी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. गेटची बिजागरी, खिडकीचे गज, पंपाचा स्टँड, पत्र्याचे हूक, सगळ्यालाच सारखा गंज खरवडून रंग मारावा लागतो, आणि नेमका आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या दिवसांत फॅब्रिकेशनवाला फोन उचलत नाही. मग माणूस व्हिडिओ बघून आपणच सुरू करतो. चांगलंच आहे, पैसे वाचतात आणि मजापण येते. फक्त त्या व्हिडिओत डोळ्यांचा विषय "सेफ्टी गॉगल जरूर घाला" एवढ्या एका वाक्यात उरकलेला असतो आणि पुढे स्वतः तो दाखवणारा माणूस डोळे किलकिले करून कापत असतो.

माझं म्हणणं एवढंच की गॉगल बहुतेकांच्या घरी असतो, पण तो खिळ्याला लटकलेला असतो. लोक बेफिकीर आहेत म्हणून नाही. इथल्या दमट हवेत दोन मिनिटांत काचेवर वाफ धरते, घाम डोळ्यात उतरतो, काही दिसेनासं होतं आणि मग माणूस वैतागून तो कपाळावर सरकवतो. म्हणजे गॉगल कोणता घ्यायचा याच्याइतकाच तो डोळ्यावर राहायचा कसा हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याची उत्तरं आहेत.

१. आधी समजून घ्या, डोळ्याकडे येतं काय

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. हिशोब करून बघा, डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. "काही आलं तर डोळा आपोआप मिटतो" असं म्हणणारे भेटतात, पण पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच, आणि तेवढ्या वेळात या वेगाचा कण पाच मीटर गेलेला असतो. तुमचं तोंड डिस्कपासून जेमतेम हातभर असतं.

ठिणग्यांना सगळे घाबरतात कारण त्या दिसतात. मला जास्त भीती वाटते ती गंज काढायला ग्राइंडरला लावतात त्या तारेच्या कप ब्रशची. आपल्याकडे कापण्यापेक्षा गंज काढायचंच काम जास्त, म्हणून सांगतोय. नवा ब्रश हातात घेऊन बघा, तारांचे जुडगे पीळ घालून बसवलेले असतात. वापरता वापरता तारा मुळाशी थकतात आणि एक एक सुटून उडते, सरळ, टोकदार, बोटाच्या पेराएवढी. काम झाल्यावर शर्ट झटकला तर दोन-चार तारा कापडात आडव्या घुसलेल्या सापडतात. ती तार शर्टाऐवजी कुठे गेली असती याचा विचार एकदा करा, पुढचं मग सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट हातोडी-छिन्नी. यात मशीन नाही म्हणून कोणी चष्मा घालत नाही आणि डोळ्याच्या आत खोल घुसणारे लोखंडाचे तुकडे बऱ्याचदा याच कामातले असतात. छिन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन कडेने फुलतं, त्या फुललेल्या कडेचा कपचा उडतो, बारीक आणि धारदार. छिन्नी अशी फुलली असेल तर ती कड ग्राइंडरने आधी घासून टाका. आणि एका हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारायची नाही, अडकलेलं काही काढायला सुद्धा नाही, दोन्हीकडचं पोलाद कडक असतं आणि कडक पोलाद कपचे टाकतं.

२. विकत काय घ्यायचं

आपला रोजचा नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नव्हे. काचेचा असेल तर फुटून त्याचेच तुकडे डोळ्यात जातील, साध्या प्लास्टिकचा असेल तरी कडेने सगळं मोकळं. उन्हाचा गॉगल पण नाही, एक तर तो धक्का सोसायला बनवलेला नसतो आणि वर पडवीतल्या अंधारात काळी काच लावून कापायचं म्हणजे बोटं पणाला लावायची.

पॉलिकार्बोनेटची, म्हणजे धक्का सोसणाऱ्या चिवट प्लास्टिकची काच हवी. दुकानात "ब्रँडेड आहे" वगैरे ऐकू नका, काचेवर नाहीतर दांडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते उन्हात धरून वाचा. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३, त्याच्यासोबत आयएसआयचा शिक्का. बाहेरच्या मालावर युरोपचं ईएन १६६ किंवा अमेरिकेचं झेड ८७ दिसेल, झेड ८७ च्या पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तो जोराच्या धक्क्यासाठी तपासलेला. काहीच लिहिलेलं नसेल तर तो शोभेचा समजा आणि परत ठेवा.

ईएन १६६ मध्ये एक अक्षर महत्त्वाचं असतं. इंग्रजी एफ म्हणजे ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून तपासलेला, बी म्हणजे तीच गोळी १२० मीटरने, ए म्हणजे १९० मीटरने. दांड्यांचा चष्मा कितीही भारी घेतला तरी एफच्या वर जात नाही, बी मिळतं ते पट्ट्याच्या बंद गॉगलला, आणि ए फक्त पूर्ण चेहऱ्याच्या शिल्डला. आता वरचा ५७ मीटरचा आकडा आठवा. गंजाचा कण त्या गोळीपेक्षा कितीतरी हलका असतो त्यामुळे साध्या घासकामाला एफ पुरतो, पण कटिंग डिस्क फुटली तर तिचा तुकडा काही हलका नसतो. म्हणून कापकाम असेल तर बंद गॉगल, आणि त्याच्यावर फेस शिल्ड. शिल्ड एकटी नको, तिच्या खालून आणि बाजूने कण आत शिरतात. गॉगल आतून, शिल्ड वरून, हा क्रम.

त्याच मार्किंगमध्ये ३ आकडा असेल तर उडणाऱ्या थेंबांसाठी, ४ म्हणजे जाड धुळीसाठी, आणि एन अक्षर म्हणजे वाफ न धरणारी काच. कोकणात राहत असाल तर ते एन शोधाच. साधा दांड्यांचा सेफ्टी चष्मा दोन-तीनशे रुपयांच्या आत येतो, एकदम दोन-तीन घ्या, का ते पुढे कळेल.

चाळिशी ओलांडलेल्यांचं वेगळंच लफडं असतं. जवळचं दिसत नाही, सेफ्टी चष्म्यात नंबर नाही, मग माणूस तोंड पुढे नेऊन नेऊन डिस्कच्या उरावर बसतो. नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो तो घ्या, किंवा खालच्या भागात वाचायचा नंबर असलेले सेफ्टी चष्मे पण मिळतात. ओणवं होऊन कापण्यापेक्षा एक चांगला दिवा लावणं हे सगळ्यात स्वस्त.

३. बसतो का बघा

आरशासमोर घाला, मान खाली-वर करा, तोंड हलवा. भुवईच्या वर आणि गालाच्या बाजूला करंगळी सहज आत जात असेल तर कण पण जाणार. दुकानात लाजू नका, चार घालून बघा. आणि धुळीचा मास्क लावून बघा, कारण काम करताना तो असणारच.

४. वाफ आणि घाम, खरी लढाई इथे आहे

वाफ धरते ती बरीचशी तुमच्याच श्वासाची. मास्क नाकाशी सैल असला की गरम श्वास वर जातो आणि थेट काचेच्या आतल्या बाजूला बसतो. मास्कच्या नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी नीट दाबून घ्या, पट्टीच नसलेला कापडी मास्क किंवा रुमाल असेल तर कितीही भारी गॉगल आणा, धुकं होणारच. गॉगल मास्कच्या वर बसला पाहिजे, मास्कची कड गॉगलच्या आत जाता कामा नये.

दुसरं म्हणजे साबण. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या काचेवर दोन्ही बाजूंनी बोटाने पसरायचा, मग पाण्याचा हलका हबका, घासायचं नाही, आणि सावलीत वाळवून जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं. साबणाचा अगदी पातळ थर राहतो आणि पाणी थेंब थेंब न होता सपाट पसरतं, त्यामुळे दिसत राहतं. मे महिन्यात हे तासभर टिकतं, कधी कमी. विकतचे वाफविरोधी स्प्रे पण मिळतात, ठीक असतात. पण गॉगलला कंपनीनेच तसा लेप दिलेला असेल, म्हणजे तो एनवाला असेल, तर त्याच्यावर साबणाचे प्रयोग नकोत, लेप निघून जातो, नुसतं पाणी.

घाम काचेमुळे येत नाही, तो कपाळावरून येतो, म्हणून तो कपाळावरच अडवायचा. पंचा किंवा सुती टॉवेलची घडी कपाळावर आवळून बांधा, लोंबतं टोक मागे शर्टात खोचा, ते टोक मशीनजवळ येता कामा नये. खेळाडू वापरतात तो टॉवेलचा हेडबँड मिळाला तर उत्तमच, दोन ठेवा, भिजला की बदला.

आणि मी दोन-तीन चष्मे घ्या म्हणालो ते यासाठी. एक धुकट झाला की मशीन बंद करायचं, पूर्ण थांबू द्यायचं, बाजूला होऊन दुसरा घालायचा, पहिला वाळत टाकायचा. एकच असला की माणूस "एवढं संपवतो आणि पुसतो" म्हणतो आणि धुक्यातूनच कापत राहतो, किंवा मग काढूनच टाकतो. अदलाबदलीची सोय असली की हा मोहच होत नाही.

वेळ पण निवडा ना. दुपारी बारा ते चार पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर चालवायला कोणी सांगितलंय? सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, शेडच्या बाहेर खळ्यात, वारा पाठीवर घेऊन. वारा समोरून असेल तर सगळी भुकटी तुमच्याच अंगावर येते, समुद्राकडच्या घरांना दुपारनंतर खाडीचा नाहीतर दर्याचा वारा जोरात असतो तेव्हा हे जरा बघून उभं राहायचं.

काच पुसायची कशी हेही सांगतो कारण काच खराब होते ती इथेच. सुक्या कापडाने, त्याहून वाईट म्हणजे शर्टाच्या टोकाने पुसायची नाही. काचेवर लोखंडाची नाहीतर चिऱ्याची (जांभ्या दगडाची) पूड असते, ती घासली की ओरखडे. आधी पाण्याची धार सोडा, मग बोटाने साबण, मग टिपा. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल बिलकुल लावायचं नाही, रंगाचा डाग पडला तरी नाही. पॉलिकार्बोनेटला त्याने आतून बारीक चिरा जातात, वरून ठीक दिसतं आणि मार बसला की फुटतं.

पावसाळ्यात गॉगल उघडा ठेवला तर पट्ट्याला बुरशी येते आणि इलॅस्टिक सैल होतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे.

५. सवय लावायची ती अशी

चष्मा कपाटात ठेवलात तर तो कपाटातच राहणार. त्याची जागा ग्राइंडरच्या वायरवर. काम संपल्यावर वायर गुंडाळायची, प्लग त्या चष्म्याच्या दांड्यांमधून आत घालून ठेवायचा. पुढच्या वेळी प्लग लावायचा तर चष्मा हातात घ्यावाच लागतो. ग्रास कटर असेल तर हँडलला अडकवा, ड्रिलच्या पेटीत सगळ्यात वर ठेवा. आठवण ठेवायची गरज पडता कामा नये.

क्रम ठरवून टाका. आधी चष्मा, मग प्लग, मग बटण. उलट्या बाजूने आधी बटण बंद, मग डिस्क फिरायची पूर्ण थांबू दे, मग प्लग काढ, चार पावलं बाजूला हो आणि मगच चष्मा. डिस्क फिरत असताना चष्मा कपाळावर सरकवून "कट बरोबर झाला का" बघायची खोड फार जणांना असते.

काढायची पण रीत आहे. केसात, भुवयांवर, गॉगलच्या वरच्या कडेवर पूड साठलेली असते आणि गॉगल ओढून काढला की ती सरळ डोळ्यात पडते, काम सुखरूप झालं आणि डोळा मात्र लाल, असं होतं ते यामुळे. मान पुढे वाकवा, डोळे मिटा, आधी कपाळ आणि केस झटका, मग मागून पट्टा धरून पुढे काढा. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत, अंघोळ करताना आधी डोकं धुवायचं, डोळे मिटून.

आता सगळ्यात जास्त विसरला जाणारा माणूस म्हणजे पाइप धरणारा. कापणाऱ्याने गॉगल घातलेला असतो आणि समोर पाइप धरून बसलेला भाऊ, नाहीतर टॉर्च दाखवणारी मुलगी, उघड्या डोळ्यांनी, आणि ठिणग्यांचा झोत बरोबर त्यांच्याकडे. धरणाऱ्याला पण चष्मा, नाहीतर व्हाइस, म्हणजे पाइप घट्ट धरणारा शिकंजा, घ्या आणि माणसाला सुट्टी द्या. बघायला आलेल्या पोरांना खळ्याच्या बाहेर. शेजारचे काका येणारच, "दोनच कट मारूचे आसत रे, चष्मो कित्याक?" असं म्हणणारच, त्यांच्याशी वाद घालू नका, जादाचा एक चष्मा त्यांच्या हातात द्या. डिस्कला कुठे माहीत असतं दोन कट मारायचेत की वीस.

६. कामागणिक थोडं वेगळं

डिस्कबद्दल आधी. कटिंग डिस्कच्या मधल्या पितळी रंगाच्या कड्यावर महिना आणि साल छापलेलं असतं, ती मुदत आहे, साधारण बनवल्यापासून तीन वर्षं. डिस्क राळेने बांधलेली असते आणि दमट हवेत ती राळ कमजोर होते. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, दोन पावसाळे पडून राहिलेली डिस्क फुकट मिळाली तरी लावू नका. नवी डिस्क लावल्यावर मिनिटभर रिकामी फिरवायची, तोंड तिच्या रेषेत न ठेवता. डिस्कवरचं अर्धगोल झाकण, म्हणजे गार्ड, काढून काम करणारे बरेच दिसतात, मोठी डिस्क बसवायला काढतात, ते तर सरळ संकटाला बोलावणं.

वेल्डिंगमध्ये दोन वेगळे धोके आहेत. एक उजेडाचा, त्याला वेल्डिंगच्या मास्कची काळी काच, घरच्या साध्या रॉडच्या कामाला १० किंवा ११ नंबर. बाजूला उभं राहून नुसतं बघणाऱ्याच्या डोळ्यांना पण तो लागतो. लगेच काही कळत नाही, सहा-बारा तासांनी रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. दुसरा धोका जळका थर ठोकून काढताना. वेल्डिंग झालं म्हणून मास्क वर केला आणि हातोडीने ठोकायला लागला, तो गरम कपचा उडतो सरळ वर. म्हणून मास्कच्या आत साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा घालूनच ठेवायचा, मास्क वर गेला तरी तो राहतो.

ग्रास कटर, म्हणजे गणपतीआधी पायवाट साफ करणं आणि पाऊस ओसरल्यावर कलमांच्या बागेतली बेणणी. सोबत येणारी जाळीची शिल्ड लोकांना आवडते कारण वाफ धरत नाही. खरंय, पण जाळीतून बारीक खडी, गवताचं बी, चीक सगळं आत येतं. जाळीच्या आतून सेफ्टी चष्मा हवाच. आपली जमीन कातळाची, गवतात चिऱ्याचे तुकडे लपलेले असतात आणि लोखंडी पातं त्याच्यावर आपटलं की दगड पण उडतो आणि पात्याचा टवका पण. आधी एक फेरी चालत मारून दगड, बाटल्या, तारेचे तुकडे उचला. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला पातं नको, नायलॉनची दोरी लावा. दुसरा माणूस पंधरा मीटर लांब, आणि त्याला तुमच्याशी बोलायचं असेल तर समोरून हात करायचा, मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही.

चिरा कापताना लाल पूड इतकी उडते की दांड्यांचा चष्मा उपयोगाचा नाही, बंद गॉगलच. छताला ड्रिल मारताना तसंच, सगळं वरून पडतं.

होडीचं फायबर दुरुस्त करणारे, किंवा घरची टाकी स्वतः जोडणारे, यांनी हे नीट वाचा. रेझिनमध्ये जो पाण्यासारखा हार्डनर घालतात तो डोळ्याला अत्यंत वाईट. एक थेंब बुबुळ कायमचं खराब करू शकतो. बाटलीतून मोजताना, झाकण उघडताना, थेंबांसाठीचा बंद गॉगल घातलेला पाहिजे आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली. प्रमोटर म्हणून जांभळट निळं कोबाल्ट येतं ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. एक रेझिनमध्ये आधी नीट ढवळून मग दुसरं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं हे तर घराघरातलं काम. आत आम्ल, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो, पान्याने चुकून ठिणगी पडली तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर येतं. चार्जिंग बंद करा, खिडकी उघडा, गॉगल घाला, आणि आत बघायला काडी नाही पेटवायची, टॉर्च. चुना आणि सिमेंट यांना लोक हलक्यात घेतात पण ते अल्कली, आम्लापेक्षा डोळ्यात खोल जातात. ओले काजू फोडताना उडणारा चीक पण भाजतो. तिथे साधा चष्मा पुरतो, पण हवा.

७. गेलंच काही डोळ्यात तर

चोळायचं नाही. हे सगळ्यात कठीण असतं, हात आपोआप जातो. लहान मूल असेल तर त्याचे हात धरून ठेवा.

रसायन, चुना, सिमेंट, आम्ल, हार्डनर असेल तर बाकी सगळं सोडून आधी पाणी. डॉक्टरला फोन, गाडी, सगळं नंतर. नळाची हलकी धार किंवा तांब्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, डोळा सगळीकडे फिरवत, घड्याळ लावून कमीत कमी वीस मिनिटं, चुना-सिमेंटला अर्धा तास. विहिरीचं स्वच्छ पाणी चालतं, त्या क्षणी बिसलेरी शोधत बसू नका. आम्लावर सोडा, चुन्यावर लिंबू असले उलटे उतारे तर मुळीच नकोत. मग दवाखाना, आणि जाताना बाटली सोबत.

धुळीचा कण असेल तर पाण्याने धुवा, दोन-चारदा पापण्या मिचकावा, निघाला तर झालं. नाही निघाला, टोचत राहिला, तर नेत्रतज्ज्ञ. गावात काडीच्या टोकाला कापूस लावून काढणारे, जिभेने काढणारे, फॅब्रिकेशनच्या दुकानात चुंबकाने काढणारे उस्ताद असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर बसला की काही तासांत भोवती गंजाचं कडं धरायला लागतं, कण निघाला तरी ते कडं राहतं आणि ते डॉक्टरलाच मशीनखाली खरवडावं लागतं. जितका उशीर तितकं खरवडणं जास्त.

कण जोरात घुसला असेल, हातोडी-छिन्नी चालू असताना काहीतरी लागलं, बाहुली गोल न दिसता एका बाजूला ओढल्यासारखी दिसतेय, नजर अंधुक झाली, डोळ्यातून दाट पाणी आलं, तर धुवायचं पण नाही आणि दाबून पट्टी तर अजिबात नाही. कागदी कप नाहीतर वाटी डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने बसवायची, आतलं काही ओढून काढायचं नाही, आणि निघायचं. ऑपरेशन लागू शकतं म्हणून काही खायला-प्यायला देऊ नका. अशा वेळी कधी कधी दुखत फारसं नाही आणि बाहेरून डोळा बरा दिसतो, त्याने फसू नका. डॉक्टरला "लोखंडावर लोखंड मारत होतो" हे स्पष्ट सांगा, मग ते एक्सरे किंवा सीटी करून आत बघतील. आत लोखंड आहे की नाही हे कळेपर्यंत एमआरआय चालत नाही, त्यातल्या चुंबकाने तुकडा सरकतो.

झावळ, भाताची पात, गवताचं कुसळ, झावळीचे हीर (केरसुणीच्या काड्या) काढताना टोचलेली काडी, अशा झाडपाल्याच्या इजेला आपण "काय नाय, पान लागलं" म्हणतो. पण त्यातून बुरशीचा संसर्ग होतो, तो हळू वाढतो, आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आणि तोवर बरंच झालेलं असतं. मेडिकलमधून आणलेल्या लाली घालवायच्या थेंबात स्टेरॉईड असेल तर दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. चिठ्ठीशिवाय थेंब नको. वेल्डिंग लागलेल्या डोळ्यात सुन्न करणारे थेंब सारखे घालणारे पण बघितलेत, त्याने बुबुळ भरून येतच नाही, उलट खराब होतं. वेल्डिंग लागलं तर अंधारी खोली, गार पाण्याची घडी, आणि दिवस-दोन दिवसात उतरलं नाही किंवा कमी दिसायला लागलं तर डॉक्टर.

आणि हे आजच करून ठेवा, तालुक्याला डोळ्याचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, रविवारी कोण उघडं असतं, नाहीतर रत्नागिरी, ओरोस, अलिबाग यातलं तुम्हाला जवळचं जिल्हा रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर. १०८ ची गाडी आहे, पण खाडीपलीकडच्या वाडीला ती यायला वेळ लागतो, तेव्हा शेजारी कोणाकडे गाडी असते त्याचा नंबर भिंतीवर.

८. गॉगल टाकायचा कधी

एकदा जोराचा मार बसला की, दिसायला ठीक असला तरी, टाकायचा. दृष्टीच्या मधोमध ओरखडे आले, कडेला बारीक चिरा दिसायला लागल्या, पट्टा सैल पडला, टाकायचा. टाकताना दांडी मोडून टाका, नाहीतर कोणीतरी कचऱ्यातून उचलून परत ग्राइंडरजवळ आणून ठेवतो.